'बनगरवाडी'तील तालीम आणि वाचकाची ओळख

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीची चर्चा बहुधा प्रादेशिकता, अवर्षण आणि धनगरांचे जीवन या सूत्रांभोवती झाली. वाडीचे मूळ आटपाडी परिसरातील लेंगरेवाडीत शोधले गेले. मात्र ज्याने तरुणपणी तालमीतील मातीत अंग घुसळले आहे, असा मराठवाड्यातील वाचकही या कादंबरीतील तालमीपाशी थबकतो आणि ती आपलीच म्हणून ओळखतो. या ओळखीचा उलगडा मूळ गावाच्या शोधातून होत नाही.

तालमीची परिचित चिन्हे म्हणजे हळद, तेल व ताक जिरवलेली हौद्यातील माती, ठेंगणा दरवाजा, कोनाड्यातील मारुती. माडगूळकरांचा भर मात्र तालीम उभी राहण्यावर आहे. राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा शिक्षक कल्पना मांडतो, आणि मेंढरांमागे पांगलेली माणसे एका कामासाठी हात लावतात. 'तालीम' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. शाळेत मुले येतात. थोरांना मास्तर जोडून घेतात ते तालमीच्या निमित्ताने. वाचकाला ओळखीची वाटते ती ही सामूहिक खटपट. गावोगावच्या कित्येक तालमी अशाच लोकवर्गणीतून आणि अंगमेहनतीतून उभ्या राहिल्या आहेत.

उद्घाटनाला औंधचे राजे येतात, हा प्रसंग मात्र त्या संस्थानाचाच. सूर्यनमस्कारांचा ध्यासाने प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे तेथील अधिपती होते. १९३९ साली त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याच्या स्मृतीत असा राजा नाही. तरीही ओळख पटते, यावरून ती तपशिलांच्या जुळणीवर अवलंबून नाही असे म्हणता येते. 'प्रादेशिक' या शिक्क्याने नेमकी हीच बाब झाकली गेली.

अमोल पालेकर यांच्या चित्रपटात (१९९५) पटकथा खुद्द माडगूळकरांची आहे. पण पडद्यावरील तालमीला ठरावीक भिंती, ठरावीक छप्पर असते. प्रेक्षक ती पाहतो. कादंबरीचा वाचक ती आपल्या गल्लीतल्या दगडांनी बांधतो. माध्यमाची ही मर्यादा दिग्दर्शकाच्या माथी मारणे अर्थातच अन्यायाचे ठरेल.

तथापि या ओळखीत केवळ स्मरणसुख शोधणे हे अर्धवट वाचन होय. कारभारी मरतात, दुष्काळाने वाडी ओस पडते, मास्तरांची बदली होते. एवढ्या सायासाने उभारलेल्या वास्तूला माणसेच उरत नाहीत. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेल्या मराठवाड्यातील वाचकाला ही रिकामी तालीमही परकी वाटत नाही. तालीम बांधण्याच्या प्रकरणांतील उत्साह त्याला दुसऱ्या वाचनात निराळाच वाटू लागतो. माडगूळकरांनी तो कोठेही आधीच करुण केलेला नाही.