पाण्याच्या पाइपाला चुंबक: एका माहितीपत्रकाची तपासणी

ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या आमच्या एका शिक्षक वाचकांनी एक चार पानी माहितीपत्रक आमच्याकडे पाठवले आहे. गच्चीवरील टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर बाहेरून बसवायच्या चुंबकांच्या जोडीचे ते माहितीपत्रक आहे. इमारतीच्या बैठकीत ते सर्वांच्या हातांतून फिरले आणि शेवटी सरांच्या पुढ्यात येऊन थांबले. "सर, तुम्ही सायन्स शिकवता, तुम्हीच सांगा, घ्यायचे की नाही." सरांनी मुदत मागून घेतली. प्रश्न काही हजार रुपयांपुरता असता तर आम्ही इतकी जागा खर्ची घातली नसती. परंतु त्याच बैठकीत तळमजल्यावरील गंजलेला पाइप बदलण्याचाही विषय होता, आणि चुंबक बसवला तर तो मोठा खर्च दोन-तीन वर्षे पुढे ढकलता येईल, असा सूर निघाला होता.

माहितीपत्रकातील दावे चार आहेत. दुष्फेन पाणी सुफेन होते. पाइपात साचलेला क्षारांचा जुना थर आपोआप सुटून जातो. नवा थर धरत नाही. आणि गंज थांबतो. वीज नको, रसायन नको, देखभाल नको. भाषा मोठी शास्त्रीय आहे. 'पाण्याच्या रेणूंचे गुच्छ मोडतात', 'आयनांची दिशा बदलते', 'पाणी ऊर्जित होते' अशी वाक्ये ओळीने येतात. मात्र संपूर्ण पत्रकात मोजमापाचा एकही आकडा नाही. चुंबकाची तीव्रता किती, पाणी किती दुष्फेन होते, किती दिवसांनी किती ग्रॅम थर कमी साचला, यांपैकी काहीच नाही. 'ऊर्जित' हा शब्द वापरणाऱ्याने ती ऊर्जा किती ज्यूल, हे सांगायला नको का? विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे लिहिले असते तर आपण लाल शाई वापरली असती.

दुष्फेनता म्हणजे काय, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी बायकार्बोनेटे तापवल्यावर विघटन पावतात आणि कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा अवक्षेप भांड्याच्या तळाशी, गीझरच्या कॉइलवर किंवा बॉयलरच्या नळ्यांत बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे इंधन जास्त जळते आणि थराखालचे लोखंड प्रमाणाबाहेर तापते. परळ-लालबागच्या गिरण्यांतील बॉयलरवाल्यांना आणि वाफेच्या इंजिनांच्या शेडमधील कामगारांना या थराची चांगलीच ओळख होती. ठरावीक काळाने बॉयलर थंड करून धुणे, खरवडणे, आणि आत जाणारे पाणी आधीच चुना व सोडा घालून सुफेन करणे, हे त्यावरचे उपाय होते. चुन्याची पद्धत टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये मांडली. पुढे आयन विनिमय करणारी रेझिने आली. या दोन्ही पद्धतींत कॅल्शिअम पाण्यातून खरोखर बाहेर काढले जाते किंवा त्याच्या जागी सोडिअम येते. चुंबकातून गेलेल्या पाण्यातून काहीही बाहेर निघत नाही. ई.डी.टी.ए.चे अनुमापन केले तर आकडा पूर्वीइतकाच येतो. म्हणजे 'दुष्फेन पाणी सुफेन होते' हा पहिला दावा बारावीच्या प्रयोगशाळेतच निकालात निघतो. जाणकार विक्रेते हा दावा करतही नाहीत. ते म्हणतात, क्षार तेवढेच राहतात, पण चिकटत नाहीत. या दाव्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे.

त्याआधी पाणी कोणते, हे पाहू. गिरगावात नळाला येणारे पाणी महापालिकेचे. विहारचे पाणी मुंबईला १८६० मध्ये मिळाले, तानसाचे १८९२ मध्ये. पुढे वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा यांची भर पडली. हे सारे पावसाचे पाणी आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहून ते तलावात साठते आणि जमिनीत फारसे मुरत नाही, म्हणून मुळातच सुफेन असते. सोलापूर-लातूरकडे बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरची कॉइल काही महिन्यांत पांढरी पडते. मुंबईच्या नळाच्या पाण्यावर तसे होत नाही. नसलेल्या रोगावर औषध दिले की गुण हमखास येतो! नळाच्या पाइपावर चुंबक बसवून 'थर धरला नाही' असे सांगणे त्याच जातीचे आहे.

अनेक इमारतींत संडास-धुण्यासाठी बोअरचे किंवा जुन्या विहिरीचे पाणी मात्र वापरतात. चौपाटी जवळ असल्याने त्यात खारटपणाही असू शकतो. हे पाणी दुष्फेन असते, आणि चुंबकाचा प्रश्न विचारायचाच तर तो इथे विचारावा. (भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आपल्या बोअरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.)

आता 'आयनांची दिशा बदलते' हे वाक्य घेऊ. ते खोटे नाही, पण किती बदलते? पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जात आहे आणि चुंबकाचे क्षेत्र अर्धा टेस्ला आहे, असे धरू. हे क्षेत्र चांगलेच दणकट झाले. कॅल्शिअमच्या आयनावरील बल म्हणजे प्रभार, वेग व क्षेत्र यांचा गुणाकार. तो येतो १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात, इतके न्यूटन. पाण्यात एक नॅनोमीटर अंतरावर असलेले कॅल्शिअम व कार्बोनेटचे आयन एकमेकांना ज्या विद्युत्बलाने ओढतात, ते १० च्या उणे ११ व्या घाताच्या आसपास. म्हणजे सुमारे सात कोटी पट अधिक. दुसरे असे की, उष्णतेमुळे कॅल्शिअमचा आयन सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने सर्व दिशांना धडपडत असतोच. त्या गर्दीत पाण्याच्या प्रवाहाचा एक मीटर वेग कुणाच्या खिजगणतीत? पाणी स्वतः प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे चुंबक त्याला किंचित दूर लोटतो, पण हा परिणाम अतिशय क्षीण आहे. 'रेणूंचे गुच्छ मोडतात' याचा तर अर्थच लावता येत नाही. पाण्यातील हायड्रोजन बंध क्षणाक्षणाला तुटतात आणि जुळतात. ते तोडायला चुंबक लागत नाही.

त्यातही गिरगावातील जुन्या इमारतींत पाइप बहुधा जी.आय.चे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे. बाहेरून लावलेल्या चुंबकाच्या बलरेषा लोखंडाच्या भिंतीतूनच वळून जातात. आतल्या पाण्यापर्यंत फारच थोड्या पोहोचतात. हे वर्गात दाखवता येते. पट्टीचुंबक आणि टाचण्या यांच्यामध्ये आधी पुठ्ठा धरा आणि मग तेवढ्याच अंतरावर डब्याचे लोखंडी झाकण धरा. टाचण्यांमधला फरक मुले स्वतःच सांगतील. माहितीपत्रकातील चित्रात मात्र लोखंडी पाइप आणि त्याला आरपार छेदणारे निळे बाण आहेत.

इतके सारे म्हटल्यावर वाचकांना वाटेल की विषय संपला. तो तसा संपत नाही, आणि येथे आम्हाला विक्रेत्यांपेक्षा संशोधकांना न्याय द्यायचा आहे. बेल्जियममधील व्हर्मायरेन यांनी १९४० च्या दशकात या कल्पनेचे पेटंट घेतले. सोव्हिएत संघात १९६० नंतर ती पुष्कळ वापरात होती. बेकर आणि जड यांनी १९९६ मध्ये तोवरच्या शोधनिबंधांचा आढावा घेतला. त्यांना परस्परविरोधी निष्कर्ष आढळले. पाणी पुनःपुन्हा फिरवणाऱ्या यंत्रणांत परिणाम दिसल्याचे अहवाल होते. पण पाण्यात उतरलेल्या लोहाच्या अंशानेही स्फटिकांची वाढ बदलते, ही शक्यता होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील कोई व कॅस यांनी २००० मध्ये दाखवले की, चुंबकातून गेलेले पाणी तापवल्यावर कॅल्साइटच्या मानाने ॲरागोनाइट अधिक मिळते. दोन्ही कॅल्शिअम कार्बोनेटच, पण स्फटिकांची घडण निराळी. कोई यांनी २०१२ मध्ये त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरणही मांडले. म्हणजे प्रयोगशाळेत काहीतरी घडत असावे, आणि वर केलेले आमचे गणित हा त्यावरचा शेवटचा शब्द नव्हे. परंतु ॲरागोनाइट वाढले म्हणून पाइप स्वच्छ राहिला, असे होत नाही. प्रत्यक्ष वापरातील चाचण्या निराळेच सांगतात. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९६ मध्ये भूजलशुद्धीच्या एका केंद्रावर असे उपकरण तपासले, आणि त्या देशाच्या लष्कराच्या अभियंत्यांनी २००१ मध्ये उपकरण लावलेल्या व न लावलेल्या नळ्या शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. दोन्हीकडे फायदा आढळला नाही. आपल्या हातातील पत्रकात 'परदेशात सिद्ध' एवढेच आहे. कोणत्या देशात, कोणी आणि कोणत्या पाण्यावर, ते नाही.

राहिला गंज. आमच्या मते हा दावा सर्वांत घातक आहे. लोखंड गंजते ते पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्यामुळे. धातूच्या एका जागी लोखंड विरघळते, दुसऱ्या जागी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. चुंबक ऑक्सिजन काढत नाही आणि झिजलेले जस्त परत चढवत नाही. उलट सुफेन पाणीच लोखंडाला अधिक खाते, कारण दुष्फेन पाण्यात कार्बोनेटचा जो पातळ थर बसून धातूचे थोडेफार रक्षण करतो, तो सुफेन पाण्यात बसत नाही. लँगेलियर यांनी १९३६ मध्ये याच तत्त्वावर आपला निर्देशांक बांधला. तेव्हा एकच उपकरण जुना थर काढून टाकते आणि गंजही थांबवते, हे दोन दावे एका पानावर सुखाने नांदू शकत नाहीत. ठाकूरद्वारला नळाला पाणी ठरावीक वेळच येते. बाकीच्या वेळी पाइपातला दाब उतरतो, आणि पाइपाला गंजून भोक पडले असेल, शेजारून गटार जात असेल, तर घाण पाणी आत शिरते. सरांच्या इमारतीत पुढे ढकलला जाणारा खर्च नेमका या पाइपाचा आहे.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर समाधानी ग्राहकांची पत्रे आहेत. त्यांतील बहुतेकांनी उपकरण एप्रिल-मे महिन्यांत बसवले आणि ऑगस्टमध्ये फरक पडल्याचे लिहिले. मधल्या काळात पाऊस पडून जमिनीखालचे पाणी पातळ झाले, याची नोंद कोणीच केलेली नाही.

सरांना आम्ही उत्तर पाठवले आहे: पाइप बदलण्याचा ठराव आधी करावा. तरीही कुतूहल असेल, तर शाळेत प्रयोग करावा. बोअरचे पाणी एकाच दिवशी एकाच भांड्यात भरून घ्यावे. सारख्या दोन प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ते सारख्या वेगाने सोडावे. एका नळीवर चुंबक, दुसरीवर तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा, दोन्ही कापडात शिवलेले. कोणत्या नळीवर काय, हे एकाच शिक्षकाला ठाऊक असावे आणि त्याने वजने करू नयेत. मग दोन्ही पाणी एकसारख्या दोन किटल्यांत उकळावे, रोज तितकेच, निदान चाळीस दिवस. किटल्या आधी व नंतर कोरड्या करून तोलाव्यात. मध्यावर किटल्यांची अदलाबदल करावी, म्हणजे किटलीचा दोष चुंबकाच्या नावावर जमा होणार नाही. बोअरचे पाणी सहज मिळणाऱ्या शाळांनी, विशेषतः मराठवाडा व सोलापूर भागातल्या, हा प्रयोग अवश्य हाती घ्यावा आणि आलेले आकडे, ते कोणत्याही बाजूचे असोत, आमच्याकडे पाठवावेत.