शाबितीचा भार कोणाच्या माथी?

न्यायालयाचे निकालपत्र हे वाङ्मय म्हणून वाचावे असे मी म्हणतो, तेव्हा साहित्यिक मित्र हसतात आणि वकील मित्र गप्प होतात. तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. निकालपत्रात कथन असते, पात्रे असतात, लिहिणाऱ्याची दृष्टी असते. कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाला 'इतर' या शब्दात गुंडाळायचे, कोणाच्या बोलण्याला पुरावा म्हणायचे आणि कोणाच्या बोलण्याला नुसती तक्रार, हे तेथे ठरते. कादंबरीला आपण हे प्रश्न गेली अनेक वर्षे विचारीत आहोत. ज्या लिखाणाने माणसाचे शेत राहते किंवा जाते, त्याला मात्र ते विचारण्याचे आपण टाळतो. कायदा हा तज्ज्ञांचा प्रांत, अशी एक भीती आपल्या मनात पूर्वीपासून बसवलेली आहे.

ही भीती बाजूला सारण्याचे कारण समोरच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांसंबंधी निकाल दिला. पुढे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि राज्यभर नोटिसांचे सत्र सुरू झाले. मराठवाड्यात गायरान कसणारा माणूस बहुतांशी कोण आहे, हे या अंकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव-कळमनुरी-औंढ्याच्या माळांवर, दगड वेचून ज्वारी-तुरीपुरती माती ज्यांनी तयार केली, त्यांच्या कागदांच्या पिशव्या मी पाहिल्या आहेत. त्या पाहिल्यानंतर मी काही जुनी निकालपत्रे पुन्हा वाचली. जमीन, रेल्वे आणि अधिकारक्षेत्र या तीन विषयांवरची ती आहेत. वाचताना एकच प्रश्न मनात धरला होता : सिद्ध करण्याची सक्ती कोणावर आहे? कायद्याच्या मराठीत याला शाबितीचा भार म्हणतात.

प्रथम रेल्वेचे प्रकरण घेऊ. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती १९०३ साली उठली. छावणी असेतो एकाच गावात दोन हुकुमती नांदत होत्या, एक निजामाची आणि दुसरी इंग्रज रेसिडेंटाची. पुढे रेल्वेने हाच प्रकार लांबच लांब पट्टीवर पसरविला. पूर्णेहून हिंगोलीला रेल्वे आली १९१२ साली. त्याच्या कितीतरी आधी निजामाच्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर इंग्रजांनी आपला अंमल मागून घेतला होता. रूळ इंग्रजांच्या कायद्याचे, रुळाशेजारचे शेत निजामाच्या कायद्याचे, अशी ही व्यवस्था.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती मुहम्मद युसुफुद्दीन यांच्या खटल्यात. निजामाच्या या प्रजाजनाला निजामाच्याच राज्यातील रेल्वे स्टेशनवर शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून पकडण्यात आले. आरोप शिमल्यातील गुन्ह्याचा होता, रेल्वेशी त्याचा संबंध नव्हता. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९७ साली निकाल लागला की ही अटक बेकायदा आहे. निजामाने रेल्वेपुरता अधिकार दिला होता, तेवढाच तो आहे. त्याच्या आधाराने बाहेरच्या गुन्ह्यासाठी निजामाची प्रजा स्टेशनावर पकडता येणार नाही, असे त्याचे सार.

निकालपत्र म्हणून हे लिखाण कसदार आहे. सत्तेला ते विचारते की हा अधिकार तुला कोणी दिला, कोणत्या कागदाने दिला आणि किती दिला. साम्राज्य भर जोमात असताना साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायपीठाने शाबितीचा भार सत्तेच्या माथी ठेवला. मात्र हे का घडले तेही पाहिले पाहिजे. समोर निजामाची सार्वभौमता उभी होती. दोन हुकुमतींचा वाद होता, म्हणून एका माणसाच्या मनगटाला किंमत आली. ज्याच्या पाठीशी कोणतीच हुकुमत नाही, त्याच्यासाठी असा बारकाईने कागद कोण वाचणार? रुळाखाली गेलेल्या जमिनीचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता, हे मान्य. पण हैदराबादचा भूसंपादनाचा कायदा १३०९ फसलीचा, म्हणजे त्या निकालानंतर दोनच वर्षांचा. त्या कायद्याचे काम हक्क सांगता येणाऱ्याशी होते. ज्याचे नाव पट्ट्यात त्याला मोबदला. गावकीची राबणूक करून गायरानाच्या कडेला जगणाऱ्याचे नाव कोणत्याच पट्ट्यात नसल्यामुळे त्याचे नुकसान मोजण्याचे मापच त्या कायद्यात नव्हते.

दुसरे निकालपत्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. निदान तसे आपण समजतो. महाडच्या चवदार तळ्याचा दावा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला, तात्पुरता मनाईहुकूमही मिळविला. खालच्या न्यायालयात १९३१ साली ते हरले, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो. निकालपत्र किती जणांनी वाचले आहे?

ते वाचले म्हणजे दोन गोष्टी दिसतात. पहिली अभिमानाची. सवर्णांचे म्हणणे असे की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे. न्यायालय म्हणाले, सिद्ध करा. तळे नगरपालिकेकडे असलेली सार्वजनिक मालमत्ता. तेथून कोणाला हाकलावयाचे तर हाकलणाऱ्याने आपला हक्क शाबीत केला पाहिजे. तळ्याभोवती सवर्णांची घरे असल्यामुळे अस्पृश्य तिकडे फिरकत नसतील, तर एवढ्यावरून अनादि वहिवाट सिद्ध होत नाही. 'अनादि' हा शब्द आपल्या समाजात हजारो वर्षे पुराव्याविना चालला होता. त्या शब्दाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काम या निकालपत्राने केले.

दुसरी गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. वहिवाट सिद्ध झाली असती तर? त्या वेळी ती वहिवाट अन्यायाची आहे काय, लोकहिताच्या विरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता, एवढे सांगून न्यायालय थांबते. अस्पृश्यता अन्यायाची आहे असे ते म्हणत नाही. तसे म्हणण्याची वेळच आली नाही, अशी त्याची भूमिका. आपण लढलो माणुसकीच्या हक्कासाठी आणि जिंकलो ते विरुद्ध पक्षाचा पुरावा अपुरा पडला म्हणून. हे सांगताना मला त्या विजयाचे मोल कमी करायचे नाही. बाबासाहेब बॅरिस्टर होते. न्यायालयात कोणते दार उघडते आणि कोणते उघडत नाही, याची त्यांना पूर्ण जाण होती. उघडणारे दार होते शाबितीच्या भाराचे, आणि तेथून ते आत गेले.

पण हे दार उघडले मुंबई इलाख्यात. हिंगोलीला तो निकाल लागू नव्हता. तेथे हैदराबादचे उच्च न्यायालय आणि कज्जाची भाषा उर्दू. अधिकारक्षेत्र म्हणजे काय, हे अशा वेळी कळते. वतनाच्या जमिनींचेही तसेच. मुंबईकडे कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, आमच्याकडे इनामे रद्द करणारा कायदा १९५४ चा. एकाच महाराच्या दोन मुली पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे दिल्या तर त्यांच्या सासरच्या जमिनींना दोन निरनिराळे कायदे. गावकी मात्र दोन्ही काठांवर सारखीच. अस्पृश्यतेला कधी अधिकारक्षेत्राची अडचण आली नाही. ती अडचण यायची दाद मागणाऱ्याला.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वरिष्ठ न्यायालय मुंबईला गेले. हिंगोलीच्या माणसाने मीटरगेजच्या गाडीने पूर्णेला यावे, तेथून मनमाड गाठावे, मनमाडला गाडी बदलून मुंबईला जावे, तेव्हा त्याची रिट अर्जाची गोष्ट सुरू व्हायची. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) न्यायपीठ सुरू झाले, तर त्यालाही आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयानेच ते बेकायदा ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ते वैध ठरवून राखले. वाद होता मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकाराचा. न्यायालय जवळ आल्याने कोणाला फरक पडतो, हा त्यामागचा खरा प्रश्न. ज्याला मुंबईचा वकील परवडतो त्याला अंतराने अडत नाही.

आता तिसरे निकालपत्र, सर्वोच्च न्यायालयाचे २८ जानेवारी २०११ चे, जगपाल सिंग प्रकरणातील. पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावचे तळे काही जणांनी बुजवून बळकावले. न्यायालयाने त्यांना हटविले आणि सर्व राज्यांना गावच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखण्यास सांगितले. या कथनातील खलपुरुष पैसा, मनगट आणि राजकारण यांच्या जोरावर तळे गिळणारा आहे. त्याला शिक्षा झाली तर आपले दुःख काय? शिवाय शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवादात्मक म्हणून नियमित करता येतील, असे त्याच निकालपत्रात लिहिलेले आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ते वाक्य पाठ करून ठेवावे.

माझा आक्षेप आहे तो निकालपत्राच्या आरंभावर. अनादि काळापासून भारतात गावसमाज होता, त्याच्या सामाईक जमिनी होत्या आणि सर्वांच्या हितासाठी त्या वापरल्या जात, असे चित्र तेथे रेखाटले आहे. १९३७ साली ज्या शब्दाला पुरावा मागितला गेला, तोच शब्द २०११ साली विनापुरावा आत शिरला. सर्वांच्या म्हणजे कोणाच्या? महाडचे तळेही सर्वांचेच होते. गायरानात गावाची जनावरे चरत. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याच्या दाव्यात बांधलेली जनावरे किती होती? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याविषयी जे परखड मत मांडले, त्यात या गोड चित्राचे उत्तर कधीच देऊन झालेले आहे. गावसमाज एकसंध मानला की गायरान कसणारा दलित आपोआप गावाचा शत्रू ठरतो. तळे बुजवणारा धनदांडगा आणि माळ फोडणारा भूमिहीन 'अतिक्रमक' या एकाच शब्दात बसतात. हा भाषेचा दोष आहे आणि नोटीस त्याच भाषेत येते.

मग सिद्ध कोणी करायचे? महाराष्ट्र शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाप्रमाणे १४ एप्रिल १९९० पूर्वीची, भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित व्हावयाची होती. या निर्णयामागे दादासाहेब गायकवाडांचे १९५९ चे आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, हजारोंचा तुरुंगवास आहे. परंतु तारखेआधी आपण कसत होतो हे दाखवायचे कसे? तलाठ्याकडील गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद हवी, दंडाची पावती हवी, पंचनामा हवा. ज्याने दंड केला त्याची पावती हाच हक्काचा आधार. म्हणजे आपला गुन्हा वेळेवर नोंदविला गेला होता, हे गुन्हेगारानेच सिद्ध करायचे. नोंद तलाठ्याने घेतली नसेल, पंच म्हणून सही करणारे गावातील बड्या घरचे असतील, १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड-परभणीकडील कित्येक वस्त्यांप्रमाणे घर जळून त्यात कागद गेले असतील, तर माणूस कसत असूनही कायद्याच्या दृष्टीने तेथे नव्हता.

तिन्ही निकालपत्रे शेजारी ठेवली की दिसते ते असे. १८९७ साली भार साम्राज्यावर होता, कारण समोर राजा होता. १९३७ साली भार सवर्णांवर होता, कारण तळे सार्वजनिक होते आणि समोर संघटित चळवळ उभी होती. आज गायरानाच्या बाबतीत भार भूमिहीनावर आहे. गायरानही सार्वजनिकच आहे. मग महाडचे तत्त्व माळावर का लागू नये? सार्वजनिक जागेतून हाकलणाऱ्याने आपला अधिकार, आपला हेतू आणि हाकलला जाणारा अपवादात बसत नाही हे आधी दाखवावे. महसूल संहितेचे कलम ५० अतिक्रमण हटविण्याचे आहे, तसे कलम ५१ ते नियमित करण्याचे आहे. नोटिशीत पहिल्याचा उल्लेख असतो, दुसऱ्याचा का नसतो, हे प्रत्येक नोटिशीच्या उत्तरात लेखी विचारले पाहिजे.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या आत्मकथनांत भूक आली, येसकरपाळी आली, तक्क्यातला अंधार आला. सातबारा, पीकपेरा आणि दंडाची पावती फारशी आलेली नाही. ही सामग्री वाङ्मयबाह्य समजू नका. महाडचे निकालपत्र मराठीत आणून अभ्यासमंडळात ओळीने वाचा. २०११ चे त्याच्या शेजारी ठेवा. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील एक-ई च्या नोंदींच्या नकला मागाव्यात आणि ज्यांची नोंद झालेली नाही त्यांचे जबाब वय, गाव, शिवारासह लिहून काढावेत. माळ फोडणारी पहिली पिढी आता थकली आहे. तिची साक्ष तिच्याबरोबर गेली तर उद्याच्या निकालपत्रात 'पुरावा आढळून येत नाही' हे वाक्य लिहिण्यासाठी कोणा न्यायाधीशाला पूर्वग्रहाचीही गरज पडणार नाही.