वाचलेलं काम गेलं कुठे? राउटरवरचे दोन पेपर आणि एक आराखडा

पेपर समजून घ्यायला आपल्याला शिकवतात, त्याच्याशी भांडायला कुणी शिकवत नाही. माझ्या पहिल्याच प्रगती-सादरीकरणात मी छाती फुगवून सांगितलं की माझ्या रचनेत राउटरचं एक काम वाचतं. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "वाचलं म्हणजे नाहीसं झालं, की दुसऱ्याच्या गळ्यात पडलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तोच प्रश्न दोन पेपरना आणि एका सरकारी आराखड्याला विचारू.

आधी पेटी उघडू. मॉड्यूलर राउटर म्हणजे एक सांगाडा आणि त्यात खोचलेली कार्डं. फायबर येते लाइन कार्डावर. एका कार्डावरून दुसऱ्यावर पॅकेट नेतं ते स्विच फॅब्रिक. पत्ता बघून पॅकेट कुठून बाहेर काढायचं हे ठरवतं फॉरवर्डिंग इंजिन. आणि शेजारच्या राउटरांशी बोलून मार्गांचा तक्ता बनवतो कंट्रोल प्रोसेसर. आमच्या मांडवगण फराट्याकडे रात्री उसाला दारं धरायला जातात. तिथली चारी म्हणजे फॅब्रिक, आणि पाणी कुठल्या सरीला वळवायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे फॉरवर्डिंग इंजिन. चारी कितीही रुंद करा, दारं धरणारा एकटा पडला तर पाणी तुंबणारच.

पहिला पेपर क्रेग पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांचा, जून १९९८ चा, ५० गिगाबिट राउटरवरचा. त्यांनी फॉरवर्डिंग इंजिनं लाइन कार्डांवरून काढून वेगळ्या कार्डांवर नेली. पॅकेटचं धड लाइन कार्डावरच थांबतं, फक्त हेडर इंजिनाकडे जाऊन परत येतं. ४१५ मेगाहर्ट्झच्या अल्फा प्रोसेसरवर एका पॅकेटचं काम किमान ४२ सायकलमध्ये होतं, म्हणजे एका इंजिनाला सेकंदाला सुमारे ९८ लाख पॅकेटं.

आता मॅडमचा प्रश्न विचारा. हेडरची ही ये-जा त्याच फॅब्रिकवरून होते, त्यामुळे सगळी रुंदी डेटाच्या वाट्याला येत नाही. लहान पॅकेटांना हा भुर्दंड जास्त. ४२ सायकलचा आकडाही मार्ग कॅशमध्ये सापडला तरचा, तो पेपरातला सर्वांत चांगला दिवस आहे. शिवाय हेडरचा चेकसम इथे तपासलाच जात नाही. तपासला असता तर ९ सायकल, म्हणजे २१ टक्के वाढले असते. ते काम टोकाच्या संगणकांवर ढकललंय. पण हे लेखकांनी लपवलेलं नाही, हिशेब मांडून सांगितलंय. म्हणूनच मला हा पेपर आजही आदर्श वाटतो.

दुसरा पेपर घरचा. आयआयटी मुंबईच्या अश्विन गुमास्ते यांच्या गटाचा, २०१० सालचा, 'ऑम्निप्रेझेंट इथरनेट'. याच विचारावर त्यांनी कॅरियर इथरनेट स्विच राउटर बनवला. कल्पना धाडसी आहे: नेटवर्कच्या आलेखाचं द्विभाजी झाड करा, आणि मार्ग ० आणि १ च्या माळेत पॅकेटवरच लिहा. वाटेतला राउटर बिट वाचतो, डावीकडे किंवा उजवीकडे पाठवतो. मोठ्या तक्त्यात शोधाशोधच नाही. हार्डवेअर सुटसुटीत होतं, वीज वाचते.

मग शोधण्याचं काम गेलं कुठे? नेटवर्कच्या काठावर आणि व्यवस्थापन यंत्रणेकडे. संपूर्ण नकाशा आता तिला माहीत हवा, आणि फायबर तुटली की नव्या माळा तिनेच द्यायच्या. दूरसंचार कंपनीचे मार्ग आधीच आखलेले असतात, त्यामुळे तिथे हा सौदा फायद्याचा. जिथे नकाशा रोज बदलतो तिथे हा दावा पुन्हा तपासायला हवा. असा पेपर वाचताना राउटरच्या वेगाच्या आलेखावर थांबू नका. बिघाडानंतर सावरायला किती वेळ लागला, तो आकडा शोधा.

आता आराखडा. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट झालेल्या योजनेत प्रामुख्याने जीपॉन तंत्र आलं. त्यात वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, हा मोठा गुण. पण रचना झाडासारखी, त्यामुळे खोडाची फायबर जेसीबीने उखडली की त्याखालची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित कार्यक्रमाने रिंग रचना आणि तालुक्यात, ग्रामपंचायतीत राउटर असा बदल मंजूर केला. एका बाजूला तुटलं तरी दुसऱ्या बाजूने वाट मिळते. निर्णय योग्यच आहे.

फक्त काम इथेही सरकलंय. रिंगमधल्या प्रत्येक राउटरला आता वीज हवी. एक बंद पडला तर बाकीचे तरतात. पण दोन ग्रामपंचायतींची वीज एकदम गेली आणि बॅटऱ्या उतरल्या, तर त्यांच्या मधली गावं दोन्हीकडून तुटतात. शेजारची गावं बहुधा एकाच फीडरवर असतात, म्हणजे हे दोन बिघाड 'स्वतंत्र' नाहीत. विश्वासार्हतेच्या गणितात आपण संभाव्यतांचा गुणाकार करतो तो स्वतंत्र घटनांचा. इथे तसा गुणाकार केला की उत्तर फसवं चांगलं येतं. ज्या गावात दाखल्यासाठी लोक ग्रामपंचायतीत ताटकळतात, तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही.

म्हणून पुढचा पेपर उघडाल तेव्हा वहीत तीन रकाने आखा: कुठलं काम वाचलं, ते कुणाकडे गेलं, आणि त्याला ते झेपतंय का. तिसरा रकाना पेपरात बहुतेक वेळा कोरा असतो. तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. मला माझा तिथेच सापडला, मॅडमनी विचारल्यावर.