माती आणि जमीन : ग्रामीण कादंबरीच्या समीक्षेतील एक संभ्रम

ग्रामीण कादंबरीविषयीच्या आपल्या समीक्षेत ‘माती’ हा शब्द वारंवार येतो. ‘जमीन’ मात्र क्वचितच. हे शब्द समानार्थी नाहीत. माती हे नाते आहे, जमीन हा हक्क आहे. जमिनीला गट नंबर असतो, सातबारा असतो, वाटेकरी असतात. हे अंतर पुसले गेल्याने मराठी कादंबरीतील जमिनीचा संघर्ष समीक्षेच्या नजरेआड राहिला, असे मला वाटते.

स्लोव्हेनियासह युगोस्लाव्हियात १९४९ पासून सामुदायिक शेतीची सक्ती तीव्र झाली आणि १९५३ मध्ये ते धोरण सोडून द्यावे लागले. तेथे शासन आणि शेतकरी समोरासमोर उभे होते. आपल्याकडे संयुक्त सहकारी शेतीचा १९५९ चा नागपूर काँग्रेसचा ठराव बव्हंशी कागदावरच राहिला. सहकार रुजला तो साखर कारखान्यांत : ऊस एकत्र गाळला गेला, सातबारा ज्याचा त्याचाच राहिला. कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ कायद्याने मालक ठरले. हे स्थित्यंतर मुख्यतः कचेरीत, कागदोपत्री घडले. साहजिकच, उघड बंडाचे कथानक शोधणाऱ्या समीक्षकाला येथे संघर्षच दिसत नाही.

तीन कादंबऱ्या या दृष्टीने वाचून पाहाव्यात. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये जगबुडीकाठच्या घराण्याची सत्ता जमिनीवर उभी आहे. ती कसणारा मात्र कथनाच्या कडेला राहतो. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये नेमके उलट घडते. गडी असलेल्या नारबाजवळ माती आहे, जमीन नाही. यंत्र विरुद्ध निसर्ग अशी या कादंबरीची रूढ मांडणी अपुरी आहे, कारण ट्रॅक्टर आणण्याचा आणि जनावरे विकण्याचा निर्णय मालकाचा आहे. नारबाचे प्रथमपुरुषी बोलीतील निवेदन इतके आत्मीय आहे की शेत त्याचे नाही, हे वाचक विसरतो; शेवट ते त्याला आठवायला लावतो. कादंबरीची शोकात्मता या विस्मरणावर उभी आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) मध्ये जांभळी गाव धरणाखाली जाते. जमिनीच्या बदल्यात जमीन हे समीकरण शासनाला मांडता येते. मातीची भरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

हा निकष समाजशास्त्राचा आहे, साहित्याचा नव्हे, असा आक्षेप संभवतो. परंतु निवेदन कोणाच्या मुखी आहे आणि कोणाचे मौन राखले आहे, हे रचनेचेच प्रश्न आहेत. मालकी त्यांच्या मुळाशी असते.

कायद्याने मालक झालेल्या कुळाच्या मनाचा ठाव घेणारी, त्याच तोलाची कादंबरी मात्र मला आढळत नाही. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याचे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे अनुभवकथन आहे, आणि तेही कार्यकर्तीच्या दृष्टीतून आलेले. याच जिल्ह्यातील मीरा-भाईंदरमध्ये मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. येथल्या वर्गात ‘गोतावळा’ शिकवताना मातीच्या वासावर विद्यार्थी भरभरून लिहितात. शेत कोणाच्या नावावर होते, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो आम्हीच त्यांना विचारायला शिकवलेला नाही.