कैद्याच्या भेटी मोजताना आपण नेमकं काय मोजतो?

पीएच.डी. प्रवेशासाठी संशोधन आराखडा लिहिणाऱ्या एका मित्राने गेल्या महिन्यात त्याचा मसुदा मला वाचायला पाठवला. विषय होता कैद्यांचा घरच्यांशी संपर्क आणि त्यांचं सुटकेनंतरचं आयुष्य. विषय चांगला आहे. पण पहिल्याच पानावर एक वाक्य होतं, 'घरचे भेटायला आले तर कैद्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी घटतं, हे सिद्ध झालं आहे.' मी त्या 'सिद्ध झालं आहे'पाशी अडकलो. तुमच्यापैकी कुणी या विषयाकडे वळणार असेल तर हे वाक्य तुमच्याही आराखड्यात येणार, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो, या बाबतीत मी तटस्थ नाही. का, ते पुढे येईलच.

आधी आकडा कुठला ते बघू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने २०११ मध्ये एक अहवाल काढला. विभागातल्याच ग्रँट डुवे आणि व्हॅलरी क्लार्क यांनी नंतर त्यावर शोधनिबंधही लिहिला. २००३ ते २००७ या काळात सुटलेले १६,४२० कैदी त्यांनी घेतले. आत असताना कोण भेटायला आलं, किती वेळा आलं, याच्या नोंदी विभागाकडे होत्याच. सुटल्यानंतर किती काळाने माणूस परत आत आला, हेही होतं. दोन्ही जोडलं. ज्यांना निदान एकदा कुणी भेटलं होतं, त्यांची नव्या गुन्ह्यात दोषी ठरण्याची जोखीम १३ टक्क्यांनी कमी दिसली आणि सुटकेच्या अटी मोडल्यामुळे परत आत जाण्याची २५ टक्क्यांनी.

इथे एक नेहमीची चूक होते. १३ टक्क्यांनी कमी म्हणजे शंभर माणसांतली तेरा वाचली असं नाही. मूळ जोखीम जितकी होती, तिच्यातले १३ टक्के गेले. माझं स्वतःचं काम सर्व्हायव्हल अॅनालिसिसवर आहे, म्हणजे 'एखादी घटना घडायला किती काळ लागतो' याच्या गणितावर. यांनी तेच गणित वापरलंय आणि ते नीट वापरलंय. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे 'कुटुंब' नावाचं एकच गाठोडं त्यांनी बांधलेलं नाही. भावंडं, वडील, सासरची माणसं, धर्मगुरू यांच्या भेटींचा फायदा जास्त दिसला. घटस्फोट झालेल्या जोडीदाराच्या भेटीने तर जोखीम उलट वाढलेली दिसली. असा बारकावा आपल्याकडच्या प्रबंधांत क्वचितच भेटतो.

मग अडचण कुठे आहे? ज्याला भेटायला कुणी येतं, त्याला सुटल्यावर जायला घर असतं. त्या घरी कुणीतरी त्याच्या कामाचं बघतं, त्याच्या जेवणाची वाट बघतं. मग तो परत आत गेला नाही तो भेटींमुळे की घरामुळे? नोंदीत जे आहे, वय, आधीचे गुन्हे वगैरे, ते गणितात धरता येतं. जे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, ते धरता येत नाही. एवढी टीका कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, आणि ती त्या संशोधकांनाही ठाऊक आहे. माझं खरं म्हणणं वेगळं आहे. 'भेटींची संख्या' हा रकाना मिनेसोटातून उचलून आपण इकडे आणला, तर तो इथे तीच गोष्ट मोजणार नाही.

माझं गाव तिसगाव, तालुका पाथर्डी. दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ एका मारामारीच्या प्रकरणात पकडला गेला. खटला अजून उभा राहिलेला नाही. चुलती ऊसतोड करते. पहिल्यांदा ती मुलाखतीला निघाली तेव्हा मी सोबत होतो. (तुरुंगातल्या भेटीला 'मुलाखत' म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने हा शब्द तिथल्या रांगेत एकदा ऐकावा.) तिसगावहून करंजी घाट ओलांडून नगर, तिथून पुढे दुसरी एसटी. पहाटे निघून अकराला पोचलो. आधार कार्डावर तिचं नाव एक आणि मुलाने आत लिहून दिलेल्या नातेवाइकांच्या यादीत घरात हाक मारतात ते दुसरंच. खिडकीवरच्या शिपायाने दोन्ही कागद बघितले आणि परत केले. तो नियमाने वागला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. चुलती म्हणाली, "तू शिकलेला हायेस, तू बोल ना." मी बोललो. भेट झाली नाही. त्या दिवशीची नोंद काय? काहीच नाही. वहीत आमचं नावच चढलं नाही.

पुढच्या खेपेला कागद नीट करून गेलो, तेव्हा भेट झाली. मध्ये काच, हातात फोनचा रिसीव्हर, वीसेक मिनिटं. त्यातली पाचेक मिनिटं दोघंही नुसती रडली.

मग दिवाळी झाली आणि चुलती टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेली. पाथर्डी भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं सगळं गणित उचलीवर चालतं. मुकादमाकडून हंगामाआधी पैसे घेतलेले असतात, ते तोडून फेडायचे. एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणजे कारखान्याच्या फडातून मुलाच्या भेटीला यायचं तर दोन दिवसांचा खाडा, जोडीदार अडकून पडणार ते वेगळंच, वर एसटीचं भाडं. ऑनलाइन ई-मुलाकात आहे, करोनाच्या काळात तिचा बराच वापर झाला. पण त्यासाठी फोन बरा हवा, नोंदणी करता यायला हवी आणि ठरलेल्या वेळी कोप्यांमध्ये रेंज हवी. ती पाच महिने गेली नाही. तुमच्या तक्त्यात त्या पाच महिन्यांपुढे शून्य येईल आणि विश्लेषणात तुम्ही लिहाल, 'कौटुंबिक बंध क्षीण.'

हे मिनेसोटालाही काही प्रमाणात लागू आहेच. अमेरिकेतच पुढे जोशुआ कॉक्रन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या नोंदींवरून दाखवलं की तुरुंग घरापासून जितका लांब आणि वस्ती जितकी गरीब, तितक्या भेटी कमी. म्हणजे रकान्याला नाव नात्याचं, पण आत बरंचसं अंतर आणि मजुरी भरलेली.

दुसरी गोष्ट. मित्राच्या वाक्यातला 'पुन्हा' हा शब्द बघा. पुन्हा म्हणायचं तर आधी एकदा व्हावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. शंभरात जवळपास ७६. मिनेसोटाचा नमुना शिक्षा भोगून सुटलेल्यांचा होता. आपल्याकडे चारांतल्या तिघांवर पहिला गुन्हाच सिद्ध झालेला नाही, त्यांच्यासाठी 'पुन्हा गुन्हा' हा निष्पत्तीचा चलघटक घ्यायचा कसा? त्यांच्या बाबतीत घरच्यांच्या संपर्काने खरोखर काय बदलतं ते विचारा. वकील ठरतो का, जामीन मिळाल्यावर जामीनदार उभा राहतो का, तारखेला घरचं कुणी कोर्टात असतं का. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहिलेली माणसं आहेत. तिथे एका भेटीची किंमत मोजता येईल.

आणि हेही. भेट हा हक्क आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४० व्या कलमातही कच्च्या कैद्यांच्या भेटींची तरतूद होती. १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरेली मुलीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाला महिन्यातून एकच भेट देणारा नियम रद्द केला आणि घरच्यांना, वकिलाला भेटणं हे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरलं. आपण मात्र 'भेटींमुळे गुन्हे घटतात म्हणून भेटी द्या' असं लिहितो. उद्या कुणाच्या अभ्यासात परिणाम शून्य निघाला तर? भेटी बंद करायच्या का? आराखड्याच्या 'अभ्यासाचं महत्त्व' या भागात हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबायला हवा.

मोजण्याबद्दल नगरचंच एक उदाहरण देतो. १९४२ पासून काँग्रेसचे नेते नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. त्यांत मौलाना आझाद होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या, मौलानांना त्यांची शेवटची भेट मिळाली नाही. किल्ल्यात त्यांनी एका मित्राला उद्देशून पत्रं लिहिली. ती तेव्हा धाडता आली नाहीत, पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. टपालात पडलेली पत्रं मोजा, या अख्ख्या पुस्तकाचा आकडा शून्य येतो.

मग करायचं काय, असं मित्राने जरा चिडूनच विचारलं. बरोबर आहे, नुसत्या टीकेवर प्रवेश मिळत नाही. मी त्याला एक कल्पना दिली, तुम्हीही घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. हा निर्णय कुणा कैद्याचा स्वभाव बघून किंवा कुणाच्या घरातलं प्रेम बघून झालेला नाही, तो बाहेरून आला. मग त्या तारखेच्या आधी आणि नंतर मुलाखतीच्या नोंदींत बायकांची नावं किती वाढली ते बघायचं आणि पुरुषांच्या नोंदींशी ताडायचं. वाढली असतील तर आधीच्या कमी भेटींमागे निदान काही अंशी तिकिटाचे पैसे होते, असं म्हणायला आधार मिळतो. यातही खाचखळगे आहेत. तिकीट निम्मं म्हणून बापाऐवजी आईच जायला लागली तर पुरुषांच्या नोंदी त्याच कारणाने घटतील आणि तुलनाच बिघडेल. म्हणून दर कैद्यामागे एकूण भेटीही बघाव्या लागतील. करोनानंतर भेटी पूर्ववत होत होत्या, तो चढही वेगळा काढावा लागेल. शिवाय तुरुंग विभागाची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता यांना वेळ लागतो, तेव्हा अर्ज पहिल्याच सत्रात करा.

मित्राने आराखडा बदलला. 'सिद्ध झालं आहे' गेलं, 'मिनेसोटातल्या एका अभ्यासात असा संबंध आढळला' आलं. त्याने एक नवीन रकानाही घातला, 'आले, पण भेट झाली नाही.' त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'ही नोंद कोण ठेवतं?'

तुरुंगात कुणी ठेवत असेल असं मला वाटत नाही. घरी विचारावं लागेल. मी गेल्या रविवारी चुलतीला विचारलं. तिने पिशवीतून एसटीची तिकिटं काढली, रबर लावून ठेवलेली. मशीनच्या तिकिटावरची शाई उडते, त्यामुळे काहींची तारीख तिला आठवून सांगावी लागली, एक-दोनदा आम्ही दोघांनी मिळून सणावारांवरून जुळवली. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. अकरा फेऱ्या, सात भेटी.