सारवलेले घर आणि माणसाची पारख

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची भांडी खाली उतरतात, भिंतींना सफेदी होते, आणि शेजारणीच्या घरात डोकावून माणसे तिच्याविषयी मते बनवतात. आम्ही कादंबरीवालेही त्यांतलेच. माझ्या पहिल्या कादंबरीतील नायिकेचे घर लख्ख होते, आणि तिच्या कजाग जावेकडे खरकटी भांडी तिसऱ्या प्रहरापर्यंत पडून असत. एवढे लिहिले की स्वभावचित्रण झाले, असा माझा समज! तो मोडला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी.

लक्ष्मीबाईंचे माहेर म्हणजे स्वच्छतेचे टोक. 1857च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळे असे काही शिरले की, बाहेरचा जिन्नस धुतल्यावाचून घरात येईना. पोरेबाळे त्यात भरडली गेली. वाटेवरून जाणाऱ्याला ते घर केवढे पवित्र वाटले असेल; आत होती ती भीती. बाई हे इतक्या मिस्कीलपणे सांगतात की हसता हसता आपण चपापतो, आणि मग त्या गृहस्थाचीच कीव येते. कादंबरीत मला हे एकदाही साधलेले नाही.

सासरी सगळेच उलट. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, आणि ते घरी कोणाला घेऊन येतील याचा नेम नसे. अहमदनगर, राहुरी येथल्या त्यांच्या बिऱ्हाडांत परक्यांची लेकरे वाढली. अशा पसाऱ्याला कवीची विरक्ती म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. टिळकांचे औदार्य खरे, परंतु वेळेवर चूल पेटावी म्हणून धडपडणारे हात निराळे होते, आणि नवऱ्याच्या गबाळेपणाची झळ त्यांनाच लागे. बाई कुरकुरतात, भांडतात, पण त्या पसाऱ्यावरून नवऱ्याला मोठाही ठरवीत नाहीत की लहानही.

टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यानंतर बाई त्यांच्याकडे राहावयास गेल्या, त्या माहेरचे सोवळे बरोबर घेऊनच. पुढे ते त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडले. भांडी पूर्वीसारखीच घासली जात असतील, अशी माझी आपली समजूत.

हे पुस्तक पुन्हा वाचल्यावर मी माझी जुनी कादंबरी काढून बसलो. त्या जावेला मीच चार लहान मुले दिली होती, आणि पाण्याची विहीर अर्ध्या कोसावर ठेवली होती.