वारसा आणि नेमणूक

साताऱ्या-सांगलीच्या गावांत पाटीलकी म्हणजे वतन, बापाकडून मुलाकडे. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील नेमला जाऊ लागला. घराण्याचा हक्क नव्हे, कामापुरती नेमणूक.

प्रोग्रॅमिंग शिकवताना मात्र आपण अजून वतनदारीच शिकवतो. एक मेथड हवी म्हणून अख्खा पूर्वज क्लास गळ्यात घ्यायचा! २००३ साली शेर्ली आणि सहकाऱ्यांनी यावर 'ट्रेट्स' मांडले. पर्लच्या 'मूस'मध्ये त्या वळणाचे 'रोल' आले. रोल आधीच सांगतो, 'मला अमुक मेथड लागेल'. ती नसेल तर जोडणीच होत नाही. एकत्र जोडलेल्या दोन रोलमध्ये एकाच नावाची मेथड आली, तर निवाडा क्लासनं करायचा. रुबीच्या मॉड्यूलमध्ये नंतर आलेला गुपचूप जिंकतो.

पण आमची एक हरकत आहे. क्लासमध्ये त्याच नावाची मेथड आधीच असेल, तर मूस चकार शब्द न काढता रोलची मेथड बाजूला ठेवतो. समजा, साखर कारखान्याच्या काट्यावर वजन-नोंदीचा नवा रोल लावला, आणि चालतेय जुनीच मेथड. तोटा कुणाचा? ऊस घालणाऱ्याचा. तेव्हा नेमणूक झाली म्हणून निर्धास्त राहू नये. काम खरंच कोण करतंय, हे टेस्ट लिहून तपासावं.